गोडॉट ३ की ४? पडद्यावर मराठी असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातले दोन विद्यार्थी चादरीच्या नक्षीवर कोड्यांचा गेम करतायत. चौकटींच्या जाळीवर रंगीत धागे भरत नक्षी पुरी करायची, आणि प्रत्येक लेव्हलच्या आधी एक म्हातारे विणकर मराठीत आणि तेलुगूत दोन वाक्यं बोलतात. काम गोडॉट या गेम बनवायच्या इंजिनच्या ३.५ आवृत्तीत सुरू झालं, कारण ज्या व्हिडिओंवरून शिकले ते सगळे ३ चे होते. तीन लेव्हल उभ्या आहेत, संवाद अजून टाकायचेत. एकाकडे आठव्या पिढीचा आय-थ्री लॅपटॉप आणि ८ जीबी रॅम. कॉलेजच्या लॅबमधले पीसी दुसऱ्या पिढीचे. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्डा, भरायच्या आत ब्राउझरमध्ये चालणारी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची आहे, प्ले स्टोअरचं नंतर बघू म्हणतात. मित्र म्हणतो ४ वर ये, लॅबचे सर म्हणतात जुन्या मशीनला जुनं इंजिनच बरं. करायचं काय?

४ वर जा. ४.३ किंवा तिच्या पुढची कुठलीही स्थिर आवृत्ती, कंपॅटिबिलिटी रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) लावून. आणि हे मी ते विणकर आजोबा बोलतात म्हणून सांगतोय. ते न बोलता नुसती नक्षी दाखवणारे असते, तर ‘३.६ वर या, गेम पुरा करा, पुढचा ४ मध्ये करा’ असं म्हणालो असतो.

आवृत्ती निवडताना लोक आधी थ्रीडी, प्रकाश, सावल्या, फिजिक्स यांच्या याद्या ताडून बघतात. टूडी कोड्याच्या गेमला त्यातलं नव्वद टक्के लागत नाही. आपल्याकडच्या माणसानं पहिला प्रश्न विचारायचा तो असा: पडद्यावर कुठल्या लिपीतला मजकूर येणार आहे? बाकी सगळ्यावर तोडगा निघतो, यावर ३ मध्ये नीट निघत नाही.

कारण साधं आहे. युनिकोडमध्ये अक्षरं ज्या क्रमानं साठवलेली असतात त्याच क्रमानं गोडॉट ३ फॉन्टमधून एकेक चित्र उचलतो आणि शेजारी शेजारी मांडतो. इंग्रजीला तेवढं पुरतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी व्यंजनाच्या आधी. जोडाक्षरात व्यंजनाचा आकार बदलतो. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ही सगळी जुळवाजुळव करणारा टप्पा, ज्याला शेपिंग म्हणतात, तो ३ मध्ये नाहीच. मार्च २०२३ मध्ये ४.० आली, तेव्हा मजकुरासाठी टेक्स्ट सर्व्हर नावाची नवी व्यवस्था आली आणि तिच्या पोटात हार्फबझ ही लायब्ररी बसवली गेली. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस हे सगळे हीच वापरतात. त्यामुळे ब्राउझरमध्ये जसं मराठी दिसतं तसंच गेममध्ये दिसतं.

करून बघा. ३.५ मध्ये एक लेबल ठेवा, चांगला देवनागरी फॉन्ट लावा आणि आधी ‘सोलापूर’ लिहा. जवळजवळ बरोबर दिसेल! यातच पुष्कळ जण फसतात. एक शब्द टाकून बघतात, चाललं म्हणतात आणि पुढं जातात. आता त्याच लेबलात ‘सिद्धेश्वर’ लिहा. ‘स’ सुटा पडेल, त्याची वेलांटी पुढच्या ‘द’ला जाऊन चिकटेल, म्हणजे वाचताना ‘सदि’ असं काहीतरी होईल. मग ‘द’चा पाय मोडलेला, ‘ध’ वेगळा, ‘श’चा पाय मोडलेला, ‘व’ वेगळा. ‘पार्क चौक’ लिहिलंत तर रफार वर चढणार नाही, ‘र’ पाय मोडून ‘क’च्या शेजारी उभा राहील. ज्या गावात ग्रामदैवताचं नाव सिद्धेश्वर आहे त्या गावातल्या गेममध्ये हे चालायचं नाही. मी कुठलंही नवं साधन तपासताना ‘सिद्धेश्वर, पार्क चौक, विजापूर वेस’ ही एक ओळ टाकतो. वेलांटी, जोडाक्षर, रफार, सगळं एका फटक्यात कळतं.

तेलुगूचं तर याहून वाईट. तिथं व्यंजनाखाली लागणारे वत्तु आणि वर बसणाऱ्या मात्रा शेपिंगशिवाय नुसत्या विस्कटतात. उद्या कन्नड घालावीशी वाटली तर तेच. उर्दू घालायची झाली तर अक्षरं जोडायची शिवाय ओळ उजवीकडून सुरू करायची, तेही ४ करतो, ३ करत नाही. सोलापूरच्या एकाच गल्लीत या चारही भाषा ऐकू येतात, तेव्हा हा मुद्दा तुमच्यासाठी पुस्तकी नाही.

३ मध्ये पळवाट आहे का? दोन आहेत. एक म्हणजे प्रत्येक वाक्याचं चित्र करून ठेवायचं. दहा वाक्यं असतील तर खपून जाईल, पण एक शब्द बदलला की पुन्हा चित्र. दुसरी पळवाट डीटीपीवाल्यांना लगेच सुचेल. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये वेलांटी, अर्धी अक्षरं, रफार हे सगळे तुकडे दिसण्याच्या क्रमानंच टाइप होतात, त्यामुळे त्यांना शेपिंग लागतच नाही आणि ३ मध्येसुद्धा ते नीट दिसतात. चालतं, खोटं नाही. पण मजकूर फाइलमध्ये निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो, शोधता येत नाही, अशा फॉन्टचे परवाने वेगळे, आणि तेलुगूसाठी दुसरी जुळणी शोधत बसा. संवाद अजून टाकलेलेच नाहीत, तर ही उस्तवार अंगावर घ्यायचं काही कारण नाही.

४ मध्ये गेलात तरी दोन खाचा आहेत, त्या आत्ताच सांगून ठेवतो.

पहिली फॉन्टची. गोडॉटच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तुम्ही विंडोजवर गेम चालवाल तेव्हा तो गुपचूप सिस्टीममधला देवनागरी फॉन्ट उचलेल आणि सगळं छान दिसेल. तोच गेम ब्राउझरसाठी एक्सपोर्ट करा, मराठीच्या जागी नुसत्या चौकटी, कारण वेबवर सिस्टीमचे फॉन्ट हाताला लागत नाहीत. म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी पहिल्या दिवशीच प्रोजेक्टमध्ये टाका, थीममध्ये तोच मुख्य फॉन्ट ठेवा, आणि त्याच्या इम्पोर्ट सेटिंगमधल्या फॉलबॅकच्या, म्हणजे मुख्य फॉन्टमध्ये अक्षर नसेल तेव्हाच्या पर्यायी फॉन्टच्या, यादीत नोटो सान्स तेलुगू जोडा. दोन्ही मोफत आहेत आणि गेमसोबत वाटायला परवाना आडवा येत नाही.

दुसरी खाच संवाद एकेक अक्षरानं उमटवण्याची. सगळ्यांना तो टाइपरायटरसारखा परिणाम हवा असतो. मूळ सेटिंगमध्ये गोडॉट आधी मजकूर तोडतो आणि मग शेपिंग करतो. त्यामुळे ‘सिद्धेश्वर’ उमटताना आधी ‘सि’, मग ‘सिद’, मग पाय मोडलेला ‘सिद्’, मग अचानक ‘सिद्ध’ अशी अक्षरं डोळ्यांदेखत रूप पालटत राहतात. लेबलच्या गुणधर्मांत ‘व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेविअर’ आहे, तिथं शेपिंगनंतरचा पर्याय निवडा. आधी पूर्ण शब्द जुळतो आणि मग तुकड्यातुकड्यानं उघडतो. एवढ्या एका सेटिंगनं गेम एकदम नीटनेटका वाटतो.

आता मशीनचं. लॅबच्या सरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. गोडॉट ४ म्हणजे व्हल्कन, आणि व्हल्कन म्हणजे नवं ग्राफिक कार्ड, अशी समजूत पसरलीय. ४ मध्ये तीन रेंडरर आहेत. फॉरवर्ड प्लस आणि मोबाइल हे दोन व्हल्कनसारख्या नव्या ग्राफिक्स यंत्रणांवर चालतात. तिसरा कंपॅटिबिलिटी, तो ओपनजीएल ३.३ वर चालतो आणि वेबसाठी तोच एक पर्याय आहे. आठव्या पिढीच्या आय-थ्रीला यातलं काहीच जड नाही. नवं प्रोजेक्ट करताना पहिल्याच खिडकीत कंपॅटिबिलिटी निवडा, म्हणजे एडिटरमध्ये जे दिसतं तेच ब्राउझरमध्ये दिसेल.

लॅबचे दुसऱ्या पिढीचे पीसी मात्र खरंच अडू शकतात. त्यांच्यातल्या इंटेल एचडी २००० किंवा ३००० या ग्राफिक्स चिपला विंडोजवर ओपनजीएल ३.१ पर्यंतच ड्रायव्हर मिळतो. गोडॉट ३ मधला जीएलईएस ३ रेंडररही ओपनजीएल ३.३ च मागतो, म्हणजे तिथं गोडॉट ३ चालत असेल तर तो जीएलईएस २ या जुन्या, हलक्या रेंडररवर चालतोय. तुमच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये बघा, बहुतेक तेच निघेल. एक मार्ग आहे. त्याच पीसीवर लिनक्स टाकलंत तर तिथला मेसा ड्रायव्हर त्याच चिपला ओपनजीएल ३.३ देतो आणि गोडॉट ४ उघडतो. वेग फार मिळणार नाही, पण टूडी जाळीला पुरेल. लॅबमध्ये लिनक्स टाकायची परवानगी मिळणं ही वेगळीच लढाई, ती मी तुमच्यावर सोडतो.

आणि खरं सांगायचं तर लॅबमध्ये इंजिन उघडायची गरजच काय? तुमची लेव्हल म्हणजे आडव्या-उभ्या चौकटींतले रंगांचे आकडे. ते सीनमध्ये हातानं भरण्याऐवजी जेसॉन या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा आणि गेम सुरू होताना वाचा. मग लॅबच्या पीसीवर साध्या नोटपॅडमध्ये नवी नक्षी भरता येते आणि इंजिनची आवृत्ती बदलली तरी नक्षीला धक्का लागत नाही. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल, का नको, तर गोडॉट सीएसव्ही दिसली की ती भाषांतराची फाइल समजतो आणि तशीच इम्पोर्ट करतो. संवादांसाठी मात्र नेमकं तेच वापरा: पहिल्या रकान्यात खूण, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात तेलुगू. फाइल लिबरऑफिसमधून यूटीएफ-८ निवडून सेव्ह करा. ज्याला तेलुगू येतं त्याच्याकडे फक्त ती एक फाइल पाठवायची, त्यानं गोडॉट कधी बघितला नसला तरी चालतं.

वेबच्या बाबतीत ४ ची बदनामी झाली होती आणि ती रास्त होती. ४.० ते ४.२ पर्यंत ब्राउझरमधला गेम थ्रेड (एकाच वेळी अनेक कामं चालवायची सोय) मागायचा, आणि थ्रेडसाठी सर्व्हरला फाइलसोबत हेडर नावाच्या खास दोन सूचना पाठवाव्या लागायच्या. साध्या मोफत होस्टिंगवर त्या मिळत नसत, आयफोनवर तर आणखी कटकट. ऑगस्ट २०२४ च्या ४.३ पासून थ्रेडशिवाय एक्सपोर्ट करता येतं, म्हणून मी ४.३ च्या खाली जाऊ नका म्हणतोय. आवाजाला एक मर्यादा येते: वेबवर आवाज ‘सॅम्पल’ पद्धतीनं वाजतात, त्यांच्यावर घुमारा, प्रतिध्वनी असे इफेक्ट लागत नाहीत. मागाच्या खटखटीला घुमारा हवा असेल तर ऑडॅसिटीमध्ये आधीच मिसळून ठेवा. ४ ची वेब फाइल ३ च्यापेक्षा बरीच मोठी होते हेही खरं. मोबाइल डेटावर पहिल्यांदा उघडायला वेळ लागेल, तेवढ्यात दाखवायला एक बरं चित्र तयार ठेवा. आणि लॅबच्या ब्राउझरमध्ये वेबजीएल २ ही ग्राफिक्सची सोय चालते का ते आधी तपासा, ४ ला ती लागतेच.

तुम्ही सी-शार्पमध्ये लिहीत असता तर इथं माझं उत्तर उलटलं असतं. ४ मध्ये सी-शार्पचा गेम वेबवर एक्सपोर्ट होत नाही, ३ मध्ये होतो. तुमची गोडॉटची स्वतःची भाषा, जीडीस्क्रिप्ट, आहे, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला नाही.

आता प्रत्यक्ष स्थलांतर. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये ३ चं प्रोजेक्ट ४ मध्ये बदलून देणारं साधन आहे. ते नावं बदलतं, रचना बदलत नाही. शेकडो सीनचं काम असतं तर मी तेच वापरा म्हणालो असतो, अर्थात प्रोजेक्टची नक्कल करून, कारण एकदा बदललं की परत ३ मध्ये उघडत नाही. तीन लेव्हलसाठी ते नको. ४ मध्ये कोरं प्रोजेक्ट उघडा, चित्रं आणि आवाज कॉपी करा, सीन नव्यानं मांडा आणि स्क्रिप्ट शेजारी ठेवून पुन्हा टाइप करा. टाइप करताना हाताला जे बसतं ते रूपांतरानंतर आलेल्या लाल ओळी दुरुस्त करताना बसत नाही.

सगळ्यात जास्त बदल तुमच्याच वाट्याला आलाय, कारण तुमचा गेम जाळीवर उभा आहे आणि जाळीत चौकटी मांडणारा टाइलमॅप ४ मध्ये पार नव्यानं लिहिला गेला. ४.३ पासून तर एका टाइलमॅपमध्ये अनेक थर ही पद्धतही मागे पडली, आता प्रत्येक थराला स्वतंत्र टाइलमॅपलेयर नोड. तुम्हाला हे सोयीचंच आहे: उभे धागे एका नोडमध्ये, आडवे दुसऱ्यात, पुरी झालेली नक्षी तिसऱ्यात. ३ मध्ये ‘सेट_सेल’ला एक्स, वाय आणि टाइलचा क्रमांक द्यायचात. आता चौकटीची जागा, कुठल्या चित्राचा स्रोत आणि त्या चित्रातली कुठली चौकट, असं द्यायचं.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती संध्याकाळ खाते. ३ मध्ये ‘मॅप_टू_वर्ल्ड’ चौकटीचा वरचा डावा कोपरा द्यायचं. ४ मध्ये त्याच कामाचं ‘मॅप_टू_लोकल’ चौकटीचा मध्य देतं. नाव बदलून पुढं गेलात की चूक कुठंच दाखवली जात नाही, पण धाग्याचं टोक दाखवणारी खूण अर्धी चौकट उजवीकडे आणि अर्धी खाली सरकलेली दिसते. तुम्ही ३ मध्ये अर्धी चौकट हातानं मिळवत असाल तर ती बेरीज आता काढून टाका.

बाकीचं किरकोळ. ‘यील्ड’च्या जागी ‘अवेट’. ‘एक्सपोर्ट’ आणि ‘ऑनरेडी’च्या आधी अ‍ॅटचं चिन्ह. ‘इन्स्टन्स’चं ‘इन्स्टँशिएट’. सिग्नल जोडताना नावं अवतरणात लिहायची गरज नाही, बटणाच्या ‘प्रेस्ड’लाच थेट ‘कनेक्ट’ म्हणायचं, त्यामुळे नाव चुकलं तर एडिटर तिथंच सांगतो. ‘फाइल’चं ‘फाइलअ‍ॅक्सेस’ झालंय, म्हणजे सेव्ह करण्याचा भाग पुन्हा लिहावा लागेल. हळूहळू सरकणारी हालचाल करणाऱ्या ट्वीनचा जुना नोड गेला. ३.५ मध्येच ‘क्रिएट_ट्वीन’ वापरत असाल तर ते जवळपास तसंच चालेल.

व्हिडिओंची अडचण मला मान्य आहे. ३.० जानेवारी २०१८ मध्ये आली आणि पुढची पाच वर्षं शिकवणाऱ्यांनी तिच्यावरच सगळं रेकॉर्ड केलं. व्हिडिओ जुना आहे का हे ओळखायला कोडमध्ये ‘यील्ड’ किंवा ‘कायनेमॅटिकबॉडी’ दिसतंय का बघा. दिसलं तर त्यातली कल्पना घ्या, कोड घेऊ नका. अधिकृत दस्तऐवजात आवृत्ती निवडायची सोय आहे, वाचण्याआधी ती बघायची सवय लावा. आणि एआयकडून कोड घेत असाल तर ‘४.३, टाइलमॅपलेयर’ असं दरवेळी स्पष्ट लिहा, नाहीतर तो अर्धं ३ चं आणि अर्धं ४ चं असं खिचडी उत्तर आत्मविश्वासानं देतो.

४ मधली नेमकी कुठली? आज डाउनलोडच्या पानावर जी स्थिर आवृत्ती आहे ती घ्या, दोघांनी तीच घ्या, आणि गड्डा होईपर्यंत हलू नका. मागावर ताणा चढवल्यावर कोणी फणी बदलत नाही. शेवटच्या बिंदूनंतरचा आकडा वाढला, म्हणजे ४.४ ची ४.४.१ झाली, तर त्यात दुरुस्त्याच असतात, ती घ्यायला हरकत नाही. मधला आकडा वाढला तर गेम पुरा झाल्यावर बघा. एक्सपोर्ट टेम्पलेट नेमक्या त्याच आवृत्तीची लागतात, एडिटर बदलला की तीही पुन्हा उतरवावी लागतात. ४.४ पासून प्रत्येक स्क्रिप्टशेजारी एक छोटी यूआयडी फाइल तयार होते. कचरा समजून ती काढू नका, गिटमध्ये टाका, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर दुवे तुटतात.

३ वर राहणं कुणाला शोभतं? ज्यांचा गेम बाजारात आहे, ज्यांना अगदी जुन्या फोनवर जीएलईएस २ लागतो, ज्यांचं सी-शार्प वेबवर जातं, किंवा ज्यांच्या पडद्यावर आकडे आणि इंग्रजीशिवाय काही येत नाही. त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२४ ची ३.६ चांगली आणि शांत आवृत्ती आहे. ३.५ वर अडकून राहण्यात मात्र कुणाचाच फायदा नाही.

प्ले स्टोअरचं ‘नंतर बघू’ म्हणालात, त्यातला एक भाग आत्ताच सुरू करा. नवं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे. अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करणाऱ्या अ‍ॅपला आता १६ केबी मेमरी पानांचा आधार लागतो, तो ४.५ मध्ये आहे, म्हणून प्ले स्टोअरसाठी त्याच्या खाली थांबू नका. ते १२ जण सगळे वर्गातले नकोत. पूर्व भागात तेलुगू बोलणारे कितीही मिळतील, तुम्हाला तेलुगू लिपी वाचणारे दोघं-तिघं शोधायचेत, कारण आजोबांच्या वाक्यात वत्तु चुकीच्या जागी बसला तर तो तुम्हाला किंवा मला दिसणार नाही.